क्रियापद अजून झालं नाही

माझ्या भाच्याची मुलगी चार वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. अगदीच मुकी होती असं नाही. बोट दाखवून ‘फॅन’ म्हणायची, ‘बॉल’ म्हणायची, ‘कॅट’ म्हणायची, आणि मग तोंड मिटून घ्यायची. हवं नाही, नको नाही, हट्ट नाही, रुसवा नाही. आमच्या वसईकडच्या गिरीजच्या घरातली पोरं या वयात अशी बडबडतात की कान किटतात. ही मात्र ओटीवर येऊन नुसती टकामका बघत बसायची. जो येईल तो तिची हनुवटी धरून म्हणायचा, ‘बोल ना गं, बोल.’ मी म्हणायचे, शेजारणी म्हणायच्या, त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये भेटणारं माणूसही म्हणायचं. पोर त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायची.

कान तपासून झाले. कान ठणठणीत. मग एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, मूल चांगलं आहे, घाबरू नका, घरात तिच्याशी भरपूर बोला. इकडे ज्या शाळेच्या प्लेग्रुपात ती जात होती तिथे ज्युनिअर केजीची मुलाखत तोंडावर आलेली. शाळेनं दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. एक, घरी फक्त इंग्रजीच बोला. दुसरी, मुलाखतीत मुलगी बोलली नाही तर आमचा इलाज नाही, एखादी ‘वेगळी’ शाळा बघून ठेवा. तो ‘वेगळी’ शब्द ऐकल्यापासून भाच्याची झोप उडाली होती. माझीही उडाली होती, पण मी कुणाला बोलले नाही.

भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. विरारला फ्लॅट घेऊन राहतो, सकाळी जातो, दिवेलागणीनंतर उगवतो. बायको त्यानं स्वतः पसंत केलेली, अर्नाळ्याची, कोळ्यांच्या घरातली. लग्नाच्या वेळी आमच्या वाडीत कुजबुज झाली, मी तेव्हाच सगळ्यांची तोंडं बंद केली. मुलगी गुणाची आहे. आणि बोलकी तर अशी, की एकदा सुरू झाली की समोरच्याला श्वास घ्यायला फट ठेवत नाही. बंदरावर लिलावात कोण कुणाशी भांडलं, कुठल्या बोटीला काय घावलं, कुणाच्या हळदीला कोण रुसून बसलं, सगळं नकला करून सांगणार. तिच्या पोटी ही मुखदुर्बळ पोर कशी जन्मली, हे मला कोडंच होतं.

मी जन्मभर मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. हे सांगितलं की हल्लीची माणसं हसतात, हसू देत. माझी मुलं पुढे बँकांत गेली, परदेशी गेली, आणि त्यातल्या कुणालाही आठ शब्दजाती विचारा, धडाधड सांगतील. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. नाउनपासून इंटरजेक्शनपर्यंत. माझी रीत ठरलेली होती. एक शब्दजात पक्की झाल्याशिवाय पुढच्या शब्दजातीला हात लावायचा नाही. नाम म्हणजे नाम. त्याचे प्रकार झाले पाहिजेत, अनेकवचन झालं पाहिजे, ‘अ’ की ‘अ‍ॅन’ ते झालं पाहिजे. वर्गात कुणी मध्येच टेन्सबद्दल विचारलं तर मी खडू ठेवून त्याच्याकडे बघायचे, तो आपोआप खाली बसायचा.

तेव्हा एका दुपारी ही भाचेसून येऊन म्हणाली, ‘आत्या, मला इंग्रजी शिकवा. पण नीट. चुकीचं बिलकुल नको,’ तर मला काय आनंद झाला म्हणून सांगू. निवृत्त माणसाला विद्यार्थी मिळणं म्हणजे काय ते निवृत्त माणसालाच कळतं. मला वाटलं, हिला नोकरी करायची असेल. चांगलं आहे, करू दे.

मुलगी प्लेग्रुपात असायची त्या वेळात ती स्कूटरवर यायची. पिशवीत माझ्यासाठी सुका जवळा नाहीतर ताजी मांदेली. ओटीवर आमचा वर्ग. समोर केळी, त्यामुळे उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नसे. केळं हे सामान्यनाम, वसई हे विशेषनाम, केळ्यांचा लोंगर म्हणजे समूहवाचक. ती मन लावून घोकायची. इतकी जिद्द मी शाळेतही क्वचित पाहिली. घरातल्या एकेका वस्तूचं नाव विचारायची. किसणीला काय, सुपाला काय, मोरीला काय. पोळपाटाला इंग्रजीत काय म्हणतात असं विचारलं तेव्हा माझी पंचाईत झाली. म्हटलं, अगं, त्यांच्याकडे पोळ्याच नाहीत तर पोळपाट कुठला, सोड तो. तिनं सोडला नाही. पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि मला येत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा खरंच उतरला. मला तेव्हा हसू आलं.

आणि एक सारखं विचारायची. ‘आत्या, क्रियापद कधी घ्यायचं?’ मी म्हणायचे, थांब गं बाई. क्रियापद म्हणजे हत्ती आहे. आधी नाम, मग सर्वनाम, मग विशेषण, आणि मग तो हत्ती दारात आणू. पाया कच्चा राहिला तर वरचं सगळं ढासळतं. ती मान डोलवायची. पण नामच इतकं लांबलं, की पावसाळा सरून घेवडा मांडवावर चढला तरी आम्ही भाववाचक नामांतच होतो.

मग ती स्कूटरवरून घसरली आणि तिचा पाय मुरगळला. तिचा फोन आला की आज येता येणार नाही. मी म्हटलं, तू कशाला, मीच येते. धडा बुडवायचा नाही ही माझी जुनी खोड. केळफूल घेतलं, थोडी अळूची पानं घेतली, बस पकडली आणि विरारला गेले. त्यांच्या घरी मी सणावारी जायचे, तेव्हा घर माणसांनी भरलेलं असायचं. असं साध्या दिवशी, मायलेकी दोघीच घरात असताना, पहिल्यांदाच जात होते.

दार उघडलं आणि बघते तर घरभर चिठ्ठ्या. दारावर ‘डोअर’, फ्रिजवर ‘फ्रिज’, खुर्चीवर ‘चेअर’, आरशावर ‘मिरर’. देवाच्या फोटोखाली ‘गॉड’. सगळं स्केचपेननं, सुबक अक्षरात. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पोळपाट उभा होता, त्यालाही चिठ्ठी चिकटवलेली होती, पण ती कोरी होती. मी त्या कोऱ्या चिठ्ठीकडे बघतच राहिले. मनात म्हटलं, अभ्यास करावा तर असा.

पोर मला बघून आतल्या खोलीतून पळत आली. आनंदानंच आली बिचारी. आणि टीपॉयच्या कोपऱ्याला पाय अडकून दाणकन आपटली. गुडघा फुटला. रक्त आलं. तिनं भोकाड पसरलं. सून लंगडत धावली, पोरीला मांडीवर घेतलं, छातीशी धरलं, आणि मी वाट बघत होते की आता ही बोलेल. आई जे बोलते ते. काय झालं गं माझ्या बाळाला, कुठे लागलं, उगी उगी, हा टीपॉय दुष्ट, त्याला मारू या. कुठलीही आई बोलते ते. सुनेचे ओठ हलत होते. घशापर्यंत काहीतरी येत होतं आणि ती ते गिळत होती. मग तिनं पोरीच्या गुडघ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘नी.’ थांबली. ‘नी. ब्लड.’ पोर रडतेय, आईच्या डोळ्यांतूनही धारा लागलेल्या, आणि आई सांगतेय, ‘टेबल. बेबी. नी.’

पिशवी हातातून कधी सुटली ते कळलं नाही, केळफूल घरंगळत सोफ्याखाली गेलं.

‘अगं, काय चाललंय हे?’ मी म्हटलं. ‘तिच्याशी बोल ना. विचार तिला दुखतंय का. उगी म्हण.’

तिनं माझ्याकडे वर बघितलं. त्या नजरेत वर्गातल्या मुलीची भीती होती, गृहपाठ न केलेल्या.

‘ते कसं म्हणू आत्या?’ ती म्हणाली. ‘क्रियापद आपलं अजून कुठे झालंय?’

मी मटकन खाली बसले.

हळूहळू तिनं सगळं सांगितलं. पोरीचं रडणं थांबून ती झोपली होती, तेव्हा स्वयंपाकघरात कुजबुजत सांगितलं, कारण पोरीच्या कानावर मराठी पडायला नको. प्लेग्रुपच्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, घरी इंग्रजीच. हिनं आपल्या परीनं सुरू केलं. एकदा शाळेच्या फाटकाशी मुलीला न्यायला गेली आणि डबा का खाल्ला नाही म्हणून इंग्रजीत विचारायला गेली. काहीतरी चुकलं. बाकीच्या आया तोंडावर रुमाल धरून हसल्या. बाई हसल्या नाहीत, त्यांनी बाजूला घेऊन प्रेमानं समजावलं, की चुकीचं इंग्रजी बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, मुलं तेच उचलतात. झालं. त्या दिवसापासून हिनं ठरवलं, पोरीशी फक्त तेच बोलायचं जे पक्कं बरोबर आहे. आणि पक्कं बरोबर म्हणजे आत्यांनी शिकवलेलं. आम्ही ओटीवर फळं केली की त्या आठवड्यात पोरीला फळं. भांडी केली की भांडी. मी ‘बंच’ शिकवला त्या दिवशी ती घरी जाऊन दिवसभर ‘बंच, बंच’ म्हणत होती. डॉक्टरीणबाईंनी भरपूर बोला म्हटलं तेव्हा हिनं भरपूर नामं बोलून दाखवली. शिकत होती तेवढंच बोलत होती, आणि शिकणं माझ्या हातात होतं. मी पुढे सरकेपर्यंत ती माय पोरीला ‘ये’ म्हणायची थांबली होती.

आधी प्लेग्रुपच्या त्या बाईंचा राग आला, मग शाळेचा, मग भाच्याचा. घरात नवऱ्याच्या डोळ्यांदेखत हे चाललंय आणि याला पत्ता नाही? तिथूनच त्याला ऑफिसात फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, घरात राहतोस की लॉजमध्ये, तुझी पोर आईच्या मांडीवर बसून शब्दकोश ऐकतेय. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘आत्या, तूच म्हणालीस ना तिला, पाया पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून? आम्हाला वाटलं, तुला माहीत आहे.’

फोन ठेवला.

मी सुनेला म्हटलं, आजपासून व्याकरण बंद. पोरीशी तुझ्या भाषेत बोल, तुझी आई तुझ्याशी बोलली तसं. तिनं मान हलवली. मला वाटलं, हो म्हणतेय. ती नाही म्हणत होती. ‘माझ्या भाषेत बोलले तर ती माझ्यासारखी होईल,’ ती म्हणाली.

‘म्हणजे कशी?’

मग तिनं तेही सांगितलं. कॉलेजात ती ‘पानी’ म्हणाली की मागचा बाक ‘पानी, पानी’ करून ओरडायचा. पुढे दुकानात कामाला होती तिथेही तेच. आणि लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा पहिल्याच जेवणात तिनं विचारलं, कोन कोन राहिलं जेवायचं, आणि पंगतीत कुणीतरी तिची नक्कल केली, सगळे हसले. ती कुणाचं नाव घ्यायला तयार नव्हती. मला संताप आला. आमची गिरीजची घरची बोली ऐकून पुण्याचा माणूस दुभाषा मागेल, आणि आम्ही हिच्या ‘न’ला हसतो? कुठल्या तोंडानं? पण ती रडत नव्हती की चिडत नव्हती, नुसतं सांगत होती. म्हणाली, ‘माझं काय, मी काढले दिवस आत्या. तिला कोणी हसायला नको.’

बघा, आता ‘कोन’ नाही म्हणाली. ‘कोणी’ म्हणाली. जपून, जिभेला वळण देऊन. माझ्याशी इतकी वर्षं बोलताना ती तसंच म्हणत आली असणार आणि मला शिक्षिकेला ते ऐकूही आलं नव्हतं. मला वाटत होतं, ही मोकळी बोलते.

समजावून काही उपयोग नव्हता. चांगलं शिकवलेलं सहज पुसता येत नाही. तिचा पाय बरा झाला तशी मी एका सुट्टीच्या सकाळी हटून बसले की मला सुके बोंबील हवेत, बाजारातले नकोत, तुझ्या आईच्या हातचे हवेत. भाचा घरी झोपलेला. आम्ही दोघी आणि पोर अर्नाळ्याला गेलो. पोरीला घेऊन ती माहेरी फारशी जायचीच नाही, ते का ते मला आता कळलं. तिथे सगळी मोठ्यानं, आपल्या बोलीत बोलतात.

तिची आई किनाऱ्यावर आडव्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. नातीला बघून तिनं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, मग तिला जवळ ओढून घेतलं. ‘बोल गो बाय, बोल,’ म्हणाली. पोर गप्प. सून खाली बसून पोरीला हळू आवाजात दाखवायला लागली, ‘बोट. फिश. सी.’ तिची आई ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, ‘ही आपले पोरीशी असंच बोलते?’ मी हो म्हटलं. बाई पाठ फिरवून कामाला लागली.

तेवढ्यात एक कुत्रा आला. पिवळा, मुर्दाड. बांबूंखालून शिरला आणि अख्खी जुडी तोंडात धरून निघाला. सुनेनं बघितलं आणि तिला भानच राहिलं नाही. पायातली चप्पल काढून ती मागे धावली. ‘मेल्या, तुझे बापानं वालत घातलेत काय रं? ठेव! ठेव म्हनते! थांब, तुझं तंगडंच मोडते!’ काय तो आवाज. होड्यांपर्यंत गेला, जाळी शिवणारी माणसं वळून बघायला लागली. चप्पल कुत्र्याला लागली नाही, एका म्हाताऱ्याच्या टोपलीत पडली. तो काहीतरी खवचट बोलला, हिनं त्याला चालता चालता उत्तर दिलं, तो हसला, हीही हसली. वाळू झाडत, धापा टाकत, कुत्र्याला आणि म्हाताऱ्याला एकाच दमात शिव्या घालत ती परत आली. पदर खोचलेला, तोंड लाल झालेलं. अशी तिला मी लग्नाआधी पाहिली होती.

पोर उभी होती. दोन्ही हात अंगापासून लांब, तोंड उघडं. आपल्या आईकडे अशी बघत होती जणू आत्ताच कुणी तिची ओळख करून दिली. मला वाटलं, घाबरली, आता रडणार.

सुनेनं तिला बघितलं आणि ती जागच्या जागी थिजली. बोंबलाच्या वासाचा तो हात तिनं झटकन तोंडावर दाबला. माझ्याकडे चोरट्यासारखं बघितलं. मग हात जरासा बाजूला करून, अगदी बारीक आवाजात म्हणाली, ‘डॉग. बेबी, डॉग.’

पोर चालत तिच्यापाशी गेली. सून खाली बसली. पोरीनं आईचा हात दोन्ही हातांनी धरला आणि तिच्या तोंडावरून ओढून काढला. मग आम्ही सगळे तिची धरायचो तशी आईची हनुवटी धरली.

‘बोल,’ ती म्हणाली.

सून हलली नाही. तिनं पुन्हा माझ्याकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं, आणि मी मान डोलवली की नाही ते मला आठवत नाही.

‘काय बोलू गो बाय?’ तिनं विचारलं.

‘मम्मा, बोल.’

मग ती वाळूत फतकल मारून बसली, पोरीला मांडीत घेतलं, आणि तो कुत्रा कोनाचा, तो रोज कुठून येतो, आणि आज त्यानं काय पळवलं, ते सांगायला लागली.